सण त्यांचा, मुलं आपली

परदेशात राहणारं मराठी कुटुंब सुटीवर घरी आलं, की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “तिकडे दिवाळी करता का हो?” करतो ना. चकल्या तळतो, आकाशकंदील लावतो, मंडळाच्या कार्यक्रमात कागदी ताटली हातात धरून श्रीखंडाच्या रांगेतही उभे राहतो. यात फारसा पुरुषार्थ नाही. आपला सण माणूस बोचक्यात बांधून कुठेही नेऊ शकतो. खरा पेच पडतो तो तिथला सण आपल्या दाराशी येतो तेव्हा. मुलं तिथल्या शाळेत जात असली की तो येतोच. आईबापांची परवानगी विचारत बसत नाही. हा सण खिडकीतून बघायचा, की दार उघडून आत घ्यायचा? आणि आत घेतलाच, तर त्यातलं खटकणारं काही बोलून दाखवायचा अधिकार आपल्याला आहे की नाही?

आम्ही २०१२ साली नेदरलँड्समध्ये आलो. अ‍ॅमस्टरडॅमला चिकटूनच अ‍ॅम्स्टलव्हेन नावाचं गाव आहे. तिथे आता भारतीयांची इतकी वस्ती झाली आहे, की कढीपत्त्यासाठी वणवण करावी लागत नाही. थोरली तेव्हा चार वर्षांची होती, म्हणजे डच हिशेबाने शाळेत जायच्या वयाची. धाकटा २०१५ साली इथेच जन्मला. दोघांत सात वर्षांचं अंतर. पण एकाच घरातल्या या दोन मुलांनी पाहिलेला एकच सण दोन निरनिराळ्या देशांतला वाटावा, इतका त्यात फरक पडला आहे.

आधी इथल्या अंधाराबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय या सणांची गोडी कळायची नाही. डिसेंबरात इथे सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी साडेचारला दिवस संपतो. मधल्या वेळात ऊन पडेल याची हमी नाही. मुलं काळोखात सायकलीवर टांग मारून शाळेत जातात. पहिल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मला रडू कोसळे आणि त्याचं कारण कुणाला सांगता येत नसे. अशा दिवसांत माणसं दिवे लावतील, गोडधोड खातील, मुलांना काहीतरी वाट बघायला लावतील हे ओघानेच आलं. ११ नोव्हेंबरला सिंट मार्टनचा दिवस असतो. आमच्या भागात त्या संध्याकाळी मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात. भोंडल्याला घरोघर जाऊन खिरापत खाल्लेल्या बाईला यात काय शिकवायचं?

मग येतो सिंटरक्लास. हा नाताळचा सांताक्लॉज नव्हे. उलट सांताक्लॉज हे नाव याच्यावरून पडलं आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावी निकोलस नावाचे बिशप होऊन गेले, त्यांचा हा डच अवतार. तांबडा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, हातात दंड. तो स्पेनहून आगबोटीने येतो. का, ते विचारू नये. नोव्हेंबरच्या मध्यावर दरवर्षी वेगळ्या गावाच्या धक्क्यावर त्याची बोट लागते आणि सारा देश तो सोहळा टीव्हीवर बघतो. तिथपासून ५ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत मुलं झोपण्यापूर्वी बूट मांडतात, त्यात घोड्यासाठी गाजर ठेवतात. सकाळी गाजर गेलेलं असतं आणि बुटात मसाल्याच्या बारक्या बिस्किटांची मूठ किंवा मुलाच्या नावाचं चॉकलेटचं अक्षर असतं. धुरांडी आता किती घरांत राहिली? आमच्याकडे बूट हीटरपाशी मांडत.

या सगळ्यात मला थक्क केलं ते मोठ्या माणसांच्या शिस्तीने. २००१ पासून इथे टीव्हीवर सिंटरक्लासच्या बातम्या लागतात. खोट्या बातम्या, पण खऱ्या बातम्यांच्या थाटात. बोट वादळात सापडली, भेटवस्तू हरवल्या, घोडा दिसेना. दुकानदार, शिक्षक, महापौर, सगळे या कटात सामील. बाकी ज्या समाजात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही, तो समाज दरवर्षी तीन आठवडे पोरांपुढे एकमुखाने थाप मारतो! सिंटकडे मोठं पुस्तक असतं आणि त्यात प्रत्येक मुलाची वर्षभराची वर्तणूक लिहिलेली असते. थोरलीने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, “म्हणजे चित्रगुप्तच की गं.” सासूबाईंचं या सणाशी तेव्हापासून जमलं.

सात-आठ वर्षांचं झालं की मुलाला खरं कळतं, आणि मग ते स्वतःच कटात सामील होतं. शाळेतली मोठी मुलं चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी भेटवस्तू घ्यायची, ती खोक्यांच्या आणि रंगीत कागदांच्या एखाद्या सोंगात दडवायची, आणि सोबत एक कविता लिहायची. कविता यमकात हवी आणि तिच्यात त्या माणसाच्या खोड्या काढलेल्या हव्यात. खाली सही सिंटची, म्हणजे खरा कवी कोण ते गुलदस्तातच. ज्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये फिशपाँड ऐकले आहेत, त्यांना याची लज्जत सांगायला नको. फरक एवढाच, की आपले फिशपाँड कॉलेजात संपतात. इथे सत्तरीचे आजोबाही ५ डिसेंबरला नातवाच्या यमकांचा मार निमूटपणे खातात.

आणि तो वास! या दिवसांत बेकरीवरून जाताना स्पेक्युलासचा वास येतो. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलची, पांढरी मिरी. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी रस्त्यात थबकले, कारण तो आमच्या घरच्या मसाल्याच्या डब्याचा वास होता. साहजिकच आहे. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने हे मसाले पूर्वेकडून आणले. आपल्या वेंगुर्ल्यातही तिची वखार होती. तिचे अवशेष आजही उभे आहेत. जायफळासाठी याच कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवरच्या लोकांची कत्तल केली. बिस्किट खाताना हे कुणी आठवत नाही, आणि दर वेळी आठवावं असंही माझं म्हणणं नाही. पण गोड वासामागे जमाखर्चाची एक वही असते, एवढं भान मोठ्या माणसाला असायला हरकत नाही. कारण त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर पीट आहे.

पीट हा सिंटचा नोकर. थोरलीने पाहिला तो झ्वार्ते पीट, म्हणजे काळा पीट. गोरी माणसं चेहऱ्याला काळा रंग फासत, ओठ लाल जाड रंगवत, कुरळ्या केसांचा टोप आणि कानात सोनेरी कड्या घालत. तो उड्या मारी, वेडगळपणा करी, मुलांवर बिस्किटं उधळी. मुलांचा लाडका! “धुरांड्यातून येतो म्हणून काळा,” असं मुलांना सांगत. धुरांड्यातून आलेल्याचे कपडे स्वच्छ कसे आणि केस कुरळे कसे, हे मात्र काजळीला विचारायला हवं.

२०१४ सालची गोष्ट. थोरली सहा वर्षांची. शाळेच्या पटांगणात मुलं सिंट-पीट खेळत होती. पीट कुणी व्हायचं यावर वाद झाला आणि तिच्याच एका मैत्रिणीने तो चुटकीसरशी मिटवला: “तू हो. तुला रंग लावायला नको.” घरी येऊन मुलीने हे कौतुकाने सांगितलं. पीट व्हायला मिळालं म्हणून ती खूश होती. रात्री दात घासताना मात्र तिने आरशात बघत विचारलं, “आई, पीट सिंट का होत नाही कधी?”

त्या मैत्रिणीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण लोक हाच मुद्दा वकिली थाटात मांडतात. मुलं निरागस असतात, त्यांच्या मनात रंगबिंग काही नसतं! मला नेमकं उलट वाटतं. मूल निरागस असतं म्हणूनच जे दिसतं ते जसंच्या तसं उचलतं. सावळा चेहरा तो नोकराचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते मिरवणुकीत पाहिलं होतं.

मग मी या पीटचं मूळ शोधलं. परंपरा म्हणून जिची द्वाही फिरवतात ती किती जुनी? यान स्खेन्कमन नावाच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या एका शाळामास्तरांनी १८५० साली मुलांसाठी सचित्र पुस्तक लिहिलं. त्यात सिंट आगबोटीने येतो आणि त्याच्यासोबत काळा नोकर असतो. म्हणजे बोट काय नि नोकर काय, दोन्हींना आजचं रूप त्या पुस्तकाने दिलं. आणि १८५० साली डच वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. सुरिनाममध्ये ती १ जुलै १८६३ रोजी उठली. त्यानंतरही मुक्त झालेल्यांना दहा वर्षं मळ्यांवर राबणं बंधनकारक होतं. ती दहा वर्षं संपली त्याच वर्षी, ५ जून १८७३ रोजी, ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन पारामारिबोला लागलं. गुलामांच्या जागी राबायला आपली माणसं आली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमाराला या मजुरांचे हजारो वंशज नेदरलँड्सला आले. हेग शहरात त्यांची मोठी वस्ती आहे.

त्यांच्यातल्याच एक बाई आमच्या इमारतीत राहतात. मुलं त्यांना आजी म्हणतात; त्यांच्या सरनामी बोलीतही आजीला आजीच म्हणतात. मी त्यांना पटांगणातली हकीकत सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “माझ्या मुलाला अगदी हेच म्हणाले होते. तेव्हा आम्ही नवीन होतो. म्हटलं, पोरांचा सण आहे, कशाला तोंड घालायचं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “नवीन असणं फार वर्षं पुरवलं आम्ही.”

आमच्या मराठी मंडळींत या विषयावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, आपण त्यांच्या देशात राहतो; त्यांच्या देव्हाऱ्यात हात घालू नये. पाहुण्याने पानात पडेल ते खावं. हे वरकरणी सभ्य वाटतं, पण तपासून बघितलं की त्यात सोयच जास्त दिसते. कर भरताना आपण पाहुणे नसतो, घराचं कर्ज काढताना नसतो, आणि मुलांना तर पाहुणेपण ठाऊकच नसतं. ज्या घरातल्या मुलांनी रात्री बुटात गाजर ठेवलं, त्या घराने तो सण आपला मानला. आपल्या सणाबद्दल आपण बोलायचं नाही, तर कुणी?

दुसरी बाजू तावातावाने म्हणे, हा वंशवाद आहे, मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवू नका. तेही मला पटलं नाही. पोरांच्या वाट्याची बिस्किटं आणि कविता हिरावून घेऊन मोठ्यांनी हुतात्मा व्हायचं, हा कुठला न्याय? शिवाय या बाजूच्या एका ताईंनी माझ्या लेकीला उन्हात खेळताना पाहून, “अगं, आणखी काळी होशील,” असं त्याच उन्हाळ्यात म्हटलेलं मी विसरले नव्हते. पीटकडे बोट दाखवणाऱ्या आपल्या घरात स्थळं बघताना ‘गोरी’ हा शब्द अजून पगाराच्या आकड्याच्या शेजारी बसतो. २०२० च्या उन्हाळ्यात एक गंमत झाली. याच देशाचे पंतप्रधान मार्क रुट, जे पूर्वी पीट काळाच असायचा असं म्हणत, त्यांनी संसदेत पीटबद्दलचं आपलं मत बदलल्याची कबुली दिली. आणि त्याच दिवसांत आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ने नावातून ‘फेअर’ काढून टाकलं. मलमाची नळी तीच राहिली, ते सोडा.

मी आणि नवऱ्याने मधला रस्ता धरला. सण पूर्ण केला आणि शाळेच्या पालकसभेत हात वर केला. मोडक्या डचमध्ये पटांगणातलं ते वाक्य सांगितलं, बाकी भाषण केलं नाही. सभागृहात शांतता पसरली. दोघे-तिघे पालक नंतर येऊन हात हातात घेऊन गेले, एकाने मात्र सायकलीपाशी गाठून सुनावलं, की तुम्हाला इथलं इतकं खुपत असेल तर मुंबईची विमानं रोज सुटतात. ते वर्ष वादाचंच होतं. गौडा शहरात सिंटच्या मिरवणुकीत नव्वद माणसांना अटक झाली होती. त्याआधी २०११ साली डॉर्ड्रेख्तला क्विन्सी गारियो आणि जेरी आफ्रियी या दोघांना नुसत्या पीटविरोधी टी-शर्टवरून पोलिसांनी धरलं होतं. बोलण्याची किंमत त्यांनी मोजली; मला फार तर विमानाचं वेळापत्रक ऐकावं लागलं.

परंतु दुसऱ्या बाजूचं दुःखही खरं होतं, आणि त्याची टिंगल मला रुचत नाही. आमचे शेजारी, निवृत्त गृहस्थ, वीस वर्षं गावातल्या मिरवणुकीत पीट होत असत. बर्फात गाडी अडकली तर ढकलायला धावत येणारा माणूस. त्यांनी एकदा कॉफी पिता पिता विचारलं, “मग मी वीस वर्षं वाईट वागत होतो का?” याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, तुम्ही मुलांना हसवत होतात, ते खरंच आहे. माझी मुलगी आरशापुढे उभी राहिली, तेही खरंच आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माणसाच्या लहानपणाची सर्वांत गोड रात्र, आणि कुणीतरी परका येऊन म्हणतो की तिच्यात विष होतं. आपल्या गणपतीबद्दल असं कुणी म्हटलं तर आपण किती शांत राहू, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावं.

सण मात्र बदलला. आधी शहरांतून, मग शाळांतून. २०१९ साली आपेलडोर्नला सिंटची बोट लागली तेव्हा राष्ट्रीय मिरवणुकीतल्या पीटांच्या गालांवर नुसते काजळीचे फराटे होते. धुरांड्याची गोष्ट इतकी वर्षं सांगत आलेच होते, ती आता कुठे खरी झाली! लहान गावांतून काही ठिकाणी जुना पीट टिकून आहे. पण मुलांचं काही अडलं नाही. बिस्किटं तशीच उधळली जातात, गाजरं तशीच गायब होतात. २०२३ साली राजे विलेम-अलेक्झांडर यांनी गुलामगिरीबद्दल जाहीर क्षमा मागितली, त्याही डिसेंबरात बूट मांडायचं कुणी थांबलं नाही. सण इतका नाजूक असतो, की एका रंगाच्या डबीवर तो उभा असतो, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी आपल्याच सणाला कमी लेखलं होतं.

उरलेल्या हिवाळ्याचं काय सांगू? नाताळ इथे दोन दिवसांचा आणि घरोघरी आपापल्या नातेवाइकांत बंद. टेबलावर छोट्या छोट्या तव्या मांडून प्रत्येकाने आपलं आपण भाजून खायचं. आमंत्रण नसेल तर हे दोन दिवस फार लांब असतात. मराठी कुटुंबं म्हणूनच तेव्हा एकमेकांकडे जमतात आणि रस्सा करतात. ३१ डिसेंबरला पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले ओलीबोलन, आणि बारा वाजता दिवाळीला लाजवील असा फटाक्यांचा भडिमार. त्या फटाक्यांवर बंदी घालणारा कायदाही संसदेने २०२५ साली संमत केला आहे. परंपरा बुडाली, असा टाहो त्याहीबद्दल ऐकू येतो.

धाकटा आठ वर्षांचा असताना जुने फोटो चाळत होता. २०१३ सालच्या एका फोटोत थोरली काळ्या पीटच्या कडेवर आहे, हातात चॉकलेटचं अक्षर, तोंडभर हसू. “याने असा का रंग लावलाय?” त्याने विचारलं. त्याने असा पीट जवळून कधी पाहिलाच नव्हता. थोरली म्हणाली, “तेव्हा तसा असायचा.” “का?” ती माझ्याकडे बघायला लागली. मी त्याला सगळं सांगितलं: मळे, जहाज, मास्तरांचं पुस्तक, आजींचा मुलगा. फोटो फाडला नाही. त्यातलं तिचं हसू खरं आहे, आणि तो अल्बममध्येच राहील. कुरूप भाग कापून टाकलेला सण मुलांच्या हाती देणं मला कुरूप भागासकट देण्याइतकंच चुकीचं वाटतं. एकात जखम राहते, दुसऱ्यात ती झाली होती हेच नाहीसं होतं.

गेल्या नोव्हेंबरात थोरली वस्तीतल्या मिरवणुकीत पीट झाली. जांभळा मखमली अंगरखा, टोपीत पीस. तिला पोशाख दिला तो त्या शेजारच्या गृहस्थांनी, त्यांचा स्वतःचा. खांद्यात सैल होता, मी टाके घातले. चेहरा रंगवणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या गालांवर काजळीचे दोन-दोन फराटे ओढले. हिच्या सावळ्या गालावर ते काही केल्या उठून दिसेनात. शेवटी त्यांनी बोट पुन्हा डबीत बुडवलं आणि म्हणाल्या, “तुला जरा जास्तच रंग लागणार.”